गाडी लावावी कुठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय चिटणीसबाईंनी फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली. 'मोठ्या शहरात रस्त्यावर गाडी उभी करण्याचे नियम' हा काय बायकांच्या मंडळात बोलायचा विषय झाला, असे काहींच्या मनात आले असेल. आरोग्य, मुलांचे संगोपन, घरखर्चाचा मेळ ह्यांवर आपल्याकडे कोणी ना कोणी बोलतेच. मोटारीचे काय ते पुरुषमंडळी पाहून घेतील, असा आपला समज. पण भगिनींनो, जरा स्वतःच्या अंगणात उभे राहून पाहा. आपले शिरढोण मुंबई-गोवा रस्त्यावर वसलेले. कोणाची मुलगी मुंबईत दिलेली, कोणाचा मुलगा तिकडे नोकरीला, कोणाचे मोठे औषधपाणी तिकडचे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि शिवडी आपल्याला आणखी जवळ आली. पूर्वी मुंबईला जायचे म्हणजे आधी एसटी आणि मग लोकल, आता घरात सहज शब्द निघतो, "चला, गाडी काढू." गाडी काढणे सोपे झाले खरे, पण ती ठेवायची कुठे, हा प्रश्न पलीकडे उतरल्यावर पडतो.

शिवाय, आता गाडी चालवणाऱ्यांत आपल्या लेकीसुनाही आहेत. ज्या चालवत नाहीत त्या शेजारच्या जागेवर बसलेल्या असतात, आणि "तू बस गाडीत, मी आलोच पाच मिनिटांत," हे वाक्य ऐकण्याची पाळी त्यांच्यावरच येते. ती पाच मिनिटे कधी अर्ध्या तासाची होतात हे मी तुम्हांला सांगायला नको! तेव्हा विषय आपलाच आहे.

प्रथम नियमामागची कल्पना पाहू. शेताला पाणी देणारा पाट असतो. त्यात कोणी एक दगड टाकला तर त्याला वाटते, एवढ्याशा दगडाने काय होणार? पण पाणी तुंबते, बांध फुटतो आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो. रस्त्याचे तसेच आहे. रस्ता मुळात जाण्यायेण्यासाठी. त्याच्या कडेला गाडी उभी करू देणे ही सवलत आहे. ती कोठे द्यायची हे ठरवण्याचा अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ ने राज्य सरकारला, किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे; त्याने तेथील नगरपालिका, महापालिका ह्यांच्याशी विचारविनिमय करून गाडीतळ ठरवायचे असतात. माझ्या घरासमोरचा रस्ता म्हणून तो माझा, किंवा माझ्या दुकानापुढचा म्हणून माझ्या गिऱ्हाइकाचा, असे कायदा म्हणत नाही.

आता मुख्य नियम सांगते. केंद्र सरकारने रस्त्यावरील वागणुकीचे नियम १९८९ साली केले होते. २०१७ साली त्यांच्या जागी नवे आले. दोहोंचा गाभा एकच. चौकाजवळ, वळणावर व पुलावर गाडी लावू नये, कारण मागून येणाऱ्याला पुढचे दिसत नाही. फूटपाथवर लावू नये, कारण मग म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे रस्त्यावर उतरतात. सिग्नलजवळ व रस्ता ओलांडण्याच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी लावू नये. बसथांब्यापाशी, शाळेच्या व इस्पितळाच्या दारापाशी, कोणाच्याही फाटकापुढे लावू नये. आधीच उभ्या असलेल्या गाडीला लागून दुसरी रांग करू नये. रहदारीच्या पाटीला झाकेल अशी लावू नये. एवढ्या ठिकाणी 'गाडी लावू नका' अशी पाटी असो वा नसो, नियम लागू आहे. "पाटी कुठे होती?" असे विचारून सुटका होत नाही. चुलीतल्या निखाऱ्याला हात लावू नये हे कोणी पाटीवर लिहिते का?

पुलाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. अटल सेतू खुला झाल्याबरोबर लोक भर सेतूवर गाड्या थांबवून समुद्राची आणि स्वतःची छायाचित्रे काढू लागले, आणि पोलिसांना दंड करावा लागला. हौस समजते, पण मागून भरधाव गाड्या येत असतात. समुद्र काय, खाली उतरल्यावरही आहेच.

पाट्यांची भाषा अगदी सोपी आहे. शाळेत न गेलेल्या बाईलाही ती वाचता येईल. गोल पाटी, तांबडी कड आणि तिच्यावर एकच तिरकी तांबडी रेघ असेल तर गाडी लावून जाऊ नये. माणूस उतरवून लगेच पुढे जाता येते. दोन रेघांची फुली असेल तर थांबूसुद्धा नये. निळ्या चौकोनी पाटीवर इंग्रजी 'पी' हे पांढरे अक्षर असेल तर तेथे गाडी लावण्यास परवानगी आहे. मात्र पाटीखाली वेळ, दिशेचा बाण, किंवा फक्त दुचाकीचे चित्र काढलेले असते, तेही पाहावे. बाण कोणत्या बाजूला आहे हे न पाहता लावलेली गाडी परवानगीच्या दोन हात पलीकडे गेली तरी दंड व्हायचा तो होतोच.

पुण्याकडे, ठाण्याकडे आणखी एक प्रकार दिसतो, तो म्हणजे सम-विषम तारखांचा. अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर मध्ये वाट उरत नाही. म्हणून एके दिवशी एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी. पाटीवर 'पी-१' असेल त्या बाजूस विषम तारखेला, आणि 'पी-२' असेल त्या बाजूस सम तारखेला गाडी लावायची. येथे तिथी पाहायची नाही, तारीख पाहायची, एवढे लक्षात ठेवावे! आणि ज्या महिन्याला एकतीस दिवस, त्याची एकतीस विषम आणि पुढची पहिली तारीखही विषम. तेव्हा लागोपाठ दोन दिवस एकच बाजू येते. लेकीकडे मुक्कामाला गेलात आणि गाडी रात्रभर रस्त्यावर राहिली, तर सकाळच्या चहाआधी तारीख बघून गाडी हलवायला सांगा.

पैसे घेऊन गाडी लावू देण्याच्या जागा शहरात असतात. आपल्याला राग येतो तो त्यांचाच. रस्ता सरकारी, मग पैसे कसले? ह्याचे उत्तर आपल्या लग्नकार्यातल्या पंगतीत आहे. पहिल्या पंगतीचे जेवण झाले की मंडळी पाटावरून उठतात, म्हणून दुसरी पंगत बसते. कोणी विडा चघळीत तेथेच गप्पा मारत बसला तर बाहेर ताटकळणाऱ्यांनी काय करावे? अमेरिकेत ओक्लाहोमा शहरात हाच प्रकार झाला होता. दुकानांत व कचेऱ्यांत काम करणारे लोक सकाळीच गाड्या लावत, त्या संध्याकाळपर्यंत हलत नसत, आणि खरेदीला येणाऱ्यांना जागा मिळत नसे. म्हणून जुलै १९३५ मध्ये तेथे रस्त्याच्या कडेला नाणे टाकण्याचे यंत्र बसवले. तासाला पाच सेंट. जगातले हे पहिले यंत्र. पैसे गोळा करणे हा त्यातला एक भाग. पण खरा उपयोग असा की, काम आटोपले की माणूस पाटावरून उठू लागला. आपल्याकडे पैसे देताना एक गोष्ट मात्र सोडू नका. छापील पावती मागून घ्या आणि पाटीवरचा दर पाहा. पावतीवाचून पैसे मागणाऱ्याला ती जागा महापालिकेने दिलेलीच आहे, असे धरून चालू नये.

जागेची ही ओढाताण जुनी आहे. पूर्वी बाजारपेठेच्या गावी बैलगाड्यांसाठी तळ असत; पुण्याजवळ हडपसरला आजही गाडीतळ हे नाव चालते. मुंबईचा काळा घोडा तुम्ही ऐकला असेल. तो घोड्यावरच्या राजाचा पुतळा १९६५ साली तेथून हलवून राणीच्या बागेत नेला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत मोटारी उभ्या राहू लागल्या. एका घोड्याच्या जागी किती गाड्या आल्या! तरी पुरे पडले नाही. आज एकट्या मुंबईत नोंदलेल्या वाहनांची संख्या ४० लाखांच्या वर गेली आहे. शहर ताणून वाढवता येत नाही. तेव्हा नियमाशिवाय गत्यंतर नाही.

आता गाडी उचलून नेतात त्याविषयी. सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारशी टाकलेली, अथवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी हलवता येते, असे कायद्याचे कलम १२७ सांगते. मात्र त्यासाठी गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याची आज्ञा लागते. क्रेनवरच्या खासगी पोरांनी आपल्या मर्जीने गाडी उचलायची नसते. तेव्हा सोबत पोलीस आहे का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. पण हुज्जत घालू नये. उचलून नेण्याचा खर्च मालकावर, आणि दंड वेगळा. जागेवर गाडी दिसली नाही तर चोरीला गेली म्हणून छाती बडवण्याआधी जवळच्या वाहतूक चौकीत विचारावे.

"गाडीत मी बसले आहे ना, मग कोण उचलतो!" हा समज तर फार पक्का. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला एक आई तान्ह्या बाळाला घेऊन मोटारीत बसलेली असताना ती मोटार ओढून नेल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. संबंधित पोलीस शिपायाला निलंबित करण्यात आले. पुढे दुसरी चित्रफीत आली आणि घटनेची दुसरी बाजूही मांडली गेली. आपल्याला येथे न्यायनिवाडा करायचा नाही. माणूस आत असताना गाडी ओढणे कधीच योग्य नव्हे. पण बाईमाणसाला आणि लेकराला गाडीची राखण म्हणून मनाईच्या जागी बसवून जाणे तरी कुठले योग्य? कायद्याचे कलम १२६ पाहा. चालकाच्या जागेवर परवाना असलेली व्यक्ती हवी, नाहीतर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला हवा. त्यावाचून गाडी उभी ठेवू नये. म्हणजे यंत्र घुरघुरते आहे, चालक पानाच्या ठेल्यावर आहे, आणि शेजारी आजीबाई बसल्या आहेत, हे कायद्याला मुळीच मान्य नाही. मागचे-पुढचे दिवे लुकलुकत ठेवले म्हणजेही परवानगी मिळत नाही. ते दिवे संकटासाठी आहेत, नारळ घ्यायला थांबण्यासाठी नव्हेत.

दंडाचे आकडेही माहीत असावेत. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून वाढीव दंड लागू झाले. मनाईच्या जागी गाडी लावल्यास पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा तसेच केल्यास १,५०० रुपये. मुंबई महापालिकेने तर ७ जुलै २०१९ पासून आपल्या सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर बेकायदा उभ्या केलेल्या मोटारीला १०,००० रुपये आणि दुचाकीला ५,००० रुपये दंड सुरू केला होता. ओरड झाली, पुढे ती रक्कम उतरवावी लागली. आता दंडाची चिठ्ठी काचेवर चिकटवलेली नसते. ती थेट मोबाईलवर येते, आणि येते ती ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे त्याच्याकडे. म्हणून जुनी गाडी विकलीत तर कागदोपत्री नाव बदलल्याची खात्री करून घ्या. नाहीतर गाडी फिरवील दुसरा, आणि दंडाचे निरोप येत राहतील तुमच्या घरी.

पण भगिनींनो, दंडाच्या भीतीने हे नियम पाळा, असे सांगायला मी उभी राहिलेले नाही. माझी एक चुलत जाऊ मुंबईत गिरगावाकडे जुन्या चाळीत राहते. काही वर्षांपूर्वी एका रात्री तिच्या छातीत कळा येऊ लागल्या. मुलाने १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका वेळेवर आली, पण गल्लीच्या तोंडाशीच अडली. दोन्ही बाजूंना दोन गाड्या समोरासमोर लागलेल्या. मधून स्कूटर जाईल एवढीच वाट. शेवटी चौघांनी तिला लाकडी खुर्चीवर बसवले आणि जिन्यावरून, मग त्या गल्लीतून, हळूहळू नेले. मी मागून तिची पिशवी घेऊन चालत होते. खुर्चीचा एक पाय ज्या शेजाऱ्याने धरला होता, तोच त्या दोन गाड्यांपैकी एकीचा मालक होता. घामाने भिजला होता बिचारा. देवाच्या कृपेने जाऊबाई वाचल्या. आज घरी चालत्याफिरत्या आहेत. त्या गृहस्थाला कोणी एक शब्द बोलले नाही, कारण अडचणीला धावून आलेला माणूस तो. पण तेव्हापासून मला वाटते की रस्ता अडवणारी माणसे वाईट नसतात. आपल्यासारखीच चांगली, घरंदाज, मदतीला तत्पर असतात. फक्त गाडी लावताना त्यांच्या मनात तो प्रश्न आलेला नसतो. कोणाची वाट अडेल? रुग्णवाहिका येईल का? आगीचा बंब वळेल का? नियमांची सगळी कलमे विसरलात तरी चालेल. गाडीतून उतरताना हा एक प्रश्न विचारा. बहुतेक वेळा कायद्याचे उत्तर आणि त्या प्रश्नाचे उत्तर एकच येते.

दुसऱ्याला विचारायचा तो प्रश्न स्वतःच्या दारातही विचारावा. शहरात पुष्कळ फाटकांवर पाटी असते, 'येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल.' फाटक अडवणे चूक हे खरे. पण कोणाच्या गाडीची हवा सोडण्याचा अधिकार घरमालकाला कायद्याने दिलेला नाही. पोलिसांना कळवावे. तसेच दुकानापुढे कुंड्या, दगड, मोडकी खुर्ची ठेवून रस्त्याची जागा 'आपल्यासाठी' राखून ठेवणे. ओसरी दिली की पाय पसरायचे, त्यातलाच हा प्रकार. रस्त्यावर कोणाच्या नावाची कुंडी नसते.

ह्यावर मुळातला उपाय काय? जपानात १९६२ सालीच कायदा झाला की, मोटार घेणाऱ्याने ती ठेवायला स्वतःची जागा आहे असे दाखवावे. आपल्या राज्याच्या परिवहनमंत्र्यांनीही मे २०२५ मध्ये तशाच धर्तीचे धोरण आणण्याचे जाहीर केले. धोरणे होतील तेव्हा होतील. पण घरात गाडी घेण्याचा विचार निघतो तेव्हा रंग कोणता, हप्ता किती, ह्या चर्चेत आपण बायका असतोच, त्याच वेळी "रात्री ती झोपणार कुठे?" हाही प्रश्न आपण विचारावा. म्हैस घ्यायची तर आधी गोठा पाहतात ना?

आणि शेवटी आपल्या गावाविषयी. शहराचे नियम शहरातच, असे समजू नका. कायदा सगळीकडे सारखाच आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके ह्यांची ही जन्मभूमी. ४ नोव्हेंबर १८४५ हा त्यांचा जन्मदिवस आणि १७ फेब्रुवारी १८८३ ही त्यांची पुण्यतिथी. त्या निमित्ताने बाहेरगावचे लोक येतात. गणपतीत तर कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रांग आपल्या दारावरून सरकत असते. त्या दिवसांत महामार्गाच्या कडेला, अंधारात, गाडी लावून चहाला जाणे म्हणजे मागून येणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. इतरांना धोका होईल अशा रीतीने गाडी सोडून जाण्यास कलम १२२ ने मनाई आहे. गाडी बंदच पडली तर दिवे लावून, मागे तांबडा त्रिकोण ठेवून, माणसांना रस्त्याच्या बाजूला उभे करावे.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. आपल्या हळदीकुंकवाला, हरिनामाला, लग्नकार्याला पाहुण्यांच्या गाड्या येतात. निमंत्रण देतानाच गाडी कोठे लावायची हे सांगावे, आणि दोन मुले किंवा दोन धीट मुली वाट दाखवायला उभ्या कराव्यात. गल्लीत रुग्णवाहिका आणि बंब जाईल एवढी वाट कायम मोकळी राहील, ही जबाबदारी मंडळाने घ्यावी. शाळा भरताना व सुटताना फाटकापुढे दुचाकी उभ्या राहतात. त्या चार पावले पलीकडे लावायला सांगणे आपल्यालाच जमेल, कारण त्या चालवणाऱ्या बहुधा आपल्याच लेकीसुना असतात! ह्याला पैसा लागत नाही, अर्जविनंत्या लागत नाहीत. देवळाच्या पायरीशी चपला बाजूला काढून ठेवायला आपल्याला कोणी शिकवले? मागून येणाऱ्याला वाट हवी, हे लहानपणीच आईने सांगितले होते. गाडीपुरते तेवढेच पुढे चालवायचे आहे.

ही सूचना सभेपुढे ठेवते. ज्यांना ती मान्य असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत.